खडूची खूण

सोलांजची आठवण मला आधी नाकात येते. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आमच्या कंपनीच्या मोजमापाच्या लॅबमध्ये एकच बुटका फ्रिज होता आणि माझ्या दहीभाताच्या डब्याला खेटून ही फ्रेंच बाई तिचं चीज ठेवायची. चीज म्हणजे आपण मुलांच्या सँडविचमध्ये घालतो ते पिवळं, गरीब, चौकोनी चीज नव्हे. केशरी सालीचं, मधोमध बसकण मारलेलं आणि कडेनं ओघळ सुटलेलं. दार उघडलं की भिजून वाळलेल्या मोज्यांचा वास यायचा. डबा तीन पिशव्यांत गुंडाळून पाहिला, तरी तो वास दहीभातात शिरायचाच. शेवटी मी डबा गाडीत ठेवायला लागले. मिशिगनच्या जानेवारीत गाडीतला दहीभात दगड होतो, पण दगड परवडला.

एवढ्यावर थांबली असती तर मी मूग गिळून बसले असते. पण दुपारी ती सार्डिनचा डबा उघडायची. बोटांनी मासे उचलायची, उरलेलं तेल पावानं पुसून घ्यायची आणि मग बोटं एकेक करून चाटायची. जेवण झालं की डावा बूट काढायचा, मोजा काढायचा आणि पाय थेट टेबलावर. तो घोटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डब्याचं झाकण लावून टाकलं. सुजून वांग्यासारखा झालेला, निळसर, मधे शिवणीची जुनी पांढरी रेघ. त्याला ती कापराचा वास येणारं मलम चोळायची आणि चोळता चोळता माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. घरी येऊन मी सुहासला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, "उद्यापासून मी त्या बाईच्या समोर बसणार नाही." तो म्हणाला, "अगं, अ‍ॅडजस्ट कर ना यार. सहा महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट संपेल तिचं." कॉन्ट्रॅक्ट संपलं नाही. २००१ च्या हिवाळ्यापासून मी पुढची सहा वर्षं तिच्या समोर बसले.

गंमत अशी की मोजायला बसायच्या आधी हीच बाई हात तीनदा धुवायची. पहिल्यांदा साबणानं, दुसऱ्यांदा गरम पाण्यानं, तिसऱ्यांदा नुसत्याच पाण्यानं. मग हात हवेतच वाळवायची, कागदाला पुसायची नाही. कागदाचे तंतू चिकटतात म्हणे. आमचं काम होतं गाडीच्या सीटचे लोखंडी भाग मोजायचं. सीटची पाठ मागेपुढे केली की जिथं ती कट्कन बसते, तिथं एक दातेरी तुकडा असतो. त्याचे दात जरा जरी कमी भरले, तरी जोराच्या धक्क्यात पाठ निसटून मागे पडते, आणि तिच्यासोबत बसलेला माणूसही. असे तुकडे आमच्याकडे खोक्यांनी यायचे. सोलांज प्रत्येक तुकडा हातात घेऊन वरच्या बाजूला खडूनं एक बारीक खूण करायची. निळा खडू, तिच्या कोटाच्या खिशात कायम असायचा. खूण वर असल्याशिवाय मोजायचंच नाही. तुकड्यावर खूण, मोजपट्टीच्या पेटीवर खूण, तिच्या चीजच्या डब्यावर खूण. एकदा माझ्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावरही दिसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू उलटा ठेवला होतास. ताक सांडत होतं."

उंचीला माझ्याहून हातभर जास्त. मी साताऱ्याची, आमच्याकडे उंच बायका नाहीत असं नाही, पण ही दारातून येताना सवयीनं मान वाकवायची, दार कितीही उंच असलं तरी. आणि दाराकडे सरळ कधी यायची नाही. कॉरिडॉरमध्ये लांबून भिंतीच्या कडेनं निघायची, मधेच वळण घ्यायची आणि शेवटची चार पावलं पटापट टाकायची. आमचा मॅनेजर ग्लेन तिच्या मागून तसंच चालून दाखवायचा आणि सगळे खिदळायचे. मीही खिदळायचे, खोटं कशाला बोलू?

ती एके काळी उंच उडी मारायची, फ्रान्सच्या संघात होती, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही तिच्या तोंडून नाही. तिच्या अमेरिकन नवऱ्यानं, जो तोवर तिला सोडून गेला होता, घरातली उरलेली खोकी लॅबमध्ये आणून टाकली. त्यात कापडी पिशवीत गुंडाळलेले खिळ्यांचे बूट होते, टाचेलाही खिळे असलेले. कुणीतरी विचारलं आणि मग रोज तोच प्रश्न सुरू झाला, "किती उंच?" तिला त्या प्रश्नाचा मनस्वी तिटकारा होता. ती म्हणायची, "माणसाला विचारतात का, आयुष्यात एका वेळी जास्तीत जास्त किती जेवलास?" पण बायकांच्या गप्पांत, मलम चोळताना, तिनं बरंच सांगितलं.

"लोकांना वाटतं उंच उडी म्हणजे आकाश," ती म्हणायची. "उंच उडी म्हणजे गादी." तिच्या गावच्या मैदानावरची गादी बारा महिने बाहेर पडलेली असायची. आत पाणी मुरलेलं, वर बुरशी, रात्री मांजरं येऊन घाण करून जायची. दिवसाला पस्तीस-चाळीस वेळा मान आणि पाठ घेऊन त्या गादीवर पडायचं. हिवाळ्यात केस ओले व्हायचे ते त्या गादीतल्या पाण्यानं. पंधराव्या वर्षी तिची आई तिला जवळ घ्यायच्या आधी डोकं धुऊन यायला सांगायची. मोठ्या संघात गेल्यावर गाद्या बऱ्या मिळाल्या, पण तिथं प्रशिक्षक होता. तो रोज सकाळी सगळ्या मुलींना रांगेत उभं करून वजन करायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. तिच्या पोटाची चामडी चिमटीत धरून बाकीच्यांना दाखवायचा, बाजारात बकऱ्याची दाखवतात तशी. नऊ वर्षं ती कोशिंबिरीचा पाला आणि काळी कॉफी यांवर जगली. उडी मारणं सोडलं त्या दिवशी दुकानात जाऊन सगळ्यात वास मारणारं चीज मागितलं आणि बाकावर बसून एकटीनं संपवलं. हे ऐकल्यावर मी डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायला लागले. वास तोच होता, मला तो तितकाच नकोसा होता, पण आता त्याला नाव ठेवायचं धाडस होईना.

आणखी एक गोष्ट ती हसत सांगायची. धावण्यात जिंकलेला माणूस छाती काढून रेषा ओलांडतो. उंच उडीत मात्र जिंकलेलाही शेवटी दांडी पाडूनच घरी जातो, कारण तो जिंकला तरी उंची वाढवतच राहतात. "चौदा वर्षं," ती म्हणायची, "प्रत्येक स्पर्धा मी पाडून संपवली."

मग आमच्या मराठी मंडळाची पिकनिक आली. २००४ चा उन्हाळा. दर वर्षी त्याच तळ्याकाठी, त्याच शेडखाली, तीच मिसळ आणि तेच लिंबू-चमचा. त्या वर्षी अध्यक्ष शिरोडकरांच्या डोक्यात आलं की मुलांसाठी 'स्पोर्ट्स डे' करायचा आणि कुणीतरी पाहुणा बोलवायचा. सुहास पटकन बोलून गेला, "वैशालीच्या ऑफिसमध्ये एक फ्रेंच हाय जंपर आहे." शिरोडकर खूश. मला म्हणाले, "मग इंट्रोडक्शन तुम्हीच लिहा, वहिनी. जरा वजनदार लिहा हं."

आपल्याकडे पाहुण्याची ओळख वजनदार लिहायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तालुक्याचा माणूस जिल्ह्याचा होतो आणि जिल्ह्याचा महाराष्ट्राचा. सोलांज ऑलिंपिकला गेली नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनं एकदा एका वाक्यात सांगितलं होतं, "नाही गेले." तरीही मी लिहिलं, 'ऑलिंपिकपटू.' लिहिताना मनात काही टोचलं नाही. उलट वाटलं, बिचारीला बरं वाटेल.

ती आली. शाल घातली, नारळ दिला. शिरोडकरांनी माझा कागद वाचला, इंग्रजीत, जितकं चढवून वाचता येईल तितकं चढवून. टाळ्या झाल्या. सोलांजनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, "मी ऑलिंपिकला गेले नाही. मी दांडी पाडली." पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं विनय आहे. एक काकू माझ्या कानात म्हणाल्या, "किती डाऊन टू अर्थ आहे नाही?" मला मात्र मान वर करवेना, कारण ती बोलताना माझ्याकडे बघत होती.

मग मुलांच्या उड्या झाल्या. दोन खांब, एक बांबू आणि भाड्यानं आणलेल्या दोन गाद्या. शिरोडकरांच्या मुलीनं विक्रम केला असं जाहीर झालं आणि तेवढ्यात सोलांजनं खिशातून स्वतःची पोलादी टेप काढली. बांबूची मधली बाजू मोजली. तो इतका वाकला होता की विक्रम गेला पाण्यात. शिरोडकरवहिनींचं तोंड जे फुगलं ते जेवण होईपर्यंत उतरलं नाही. माझी मुलगी ईशा तेव्हा नऊ वर्षांची. तिला सोलांजनं वळणावरून कसं यायचं ते दाखवलं, स्वतः सुजलेल्या घोट्यावर धावून. ईशा येऊन म्हणाली, "आई, शी इज सो कूल!" मंडळाच्या अंकात फोटो छापून आला, खाली 'ऑलिंपिकपटू' असंच होतं.

परत येताना ती माझ्या गाडीत होती. मांडीवर नारळ. मग म्हणाली, "तू लिहिलंस ना ते?" मी म्हटलं, "आमच्याकडे असंच लिहितात गं. मान द्यायची पद्धत आहे." तिनं मान हलवली आणि सांगायला लागली. तेवढं एकदाच, पुन्हा कधी तिनं ती गोष्ट काढली नाही.

संघाच्या निवडीची शेवटची स्पर्धा होती. एक मीटर त्र्याण्णव ओलांडलं की ऑलिंपिक. पहिल्या उडीत तिनं दांडी पाडली. एका मदतनिसानं ती उचलून पुन्हा ठेवली. दुसऱ्या उडीत ती पलीकडे गेली. दांडी हललीही नाही. लोक ओरडत होते, प्रशिक्षक धावत येत होता, आणि ती गादीवर उताणी पडून वर बघत होती. दांडीला नेहमी किंचित बाक असतो, म्हणून पंच मोजताना वरच्या बाजूला खडूची खूण करतात आणि प्रत्येक वेळी तीच बाजू वर ठेवतात. दांडी उलटी ठेवली तर मधला भाग खाली येतो. सोलांजला गादीवरून, खालून, निळी खूण दिसली. खूण खाली होती. मैदानात हजारो लोक होते, पण ती फक्त तिलाच दिसत होती, कारण गादीवर तीच पडली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग मला शिसारी आली," ती म्हणाली. "मी प्रामाणिक बिमाणिक नाही. मी टॉयलेटमध्ये सिगरेट ओढते, तुलाही माहीत आहे. पण नऊ वर्षं त्या माणसानं माझं पोट चिमटीत धरलं होतं, मांजराच्या मुतात डोकं घातलं होतं मी, ते कशासाठी? या एका आकड्यासाठी. आणि तो आकडाच घाण निघाला तर माझ्याकडे उरलं काय?" ती उठली, पंचाकडे गेली आणि खूण दाखवली. मोजलं तर दांडी दीड सेंटिमीटर खाली होती. ती उडी धरली नाही, तिला उरलेल्या दोन उड्या दिल्या. दोन्ही वेळा दांडी पडली. प्रशिक्षक तिच्या पायाशी थुंकला. आईनं महिनाभर अबोला धरला. तिच्याऐवजी दुसरी गेली. पुढच्या वर्षी घोटा मोडला आणि सगळं संपलं.

मी गाडी चालवत होते. सिग्नलला थांबले तेव्हा म्हटलं, "आता नारळाचं काय करणार?" तो तिनं लॅबमध्ये टेबलावर ठेवला. वर निळी खूण करून.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मलाच किळस येते, पण ते टाळून सोलांज सांगता येणार नाही.

२००७ चा शेवट. गाड्यांचा धंदा बसत चालला होता. रोज कुणीतरी खोकं घेऊन बाहेर पडत होतं. सुहासची नोकरी सप्टेंबरमध्ये गेली होती आणि आमचं ग्रीन कार्ड माझ्या कंपनीमार्फत शेवटच्या टप्प्यात होतं. माझी नोकरी गेली असती तर आम्हाला चंबूगबाळं आवरून निघावं लागलं असतं. आणि सोलांजचा घोटा आता चालूच देत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांधा बदला, नाहीतर काठी घ्या. फेब्रुवारीची तारीख मिळाली होती. विमा आमच्या कंपनीमार्फत होता, म्हणजे नोकरी आहे तोवरच ऑपरेशन. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि ग्लेनलाही ठाऊक होतं.

त्या सीटच्या तुकड्याची नवीन ऑर्डर होती. नियम असा की मशीनमधून ओळीनं निघालेले तीस तुकडे मोजायचे, आकडे लिहायचे आणि दोघांनी सही करायची. सोलांजनं मोजले. सात तुकड्यांचे दात कमी भरले. तिनं तसं लिहिलं. ग्लेन आला, आकडे पाहिले, दार लावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "खोक्यात तीनशे तुकडे आहेत. त्यातून चांगले तीस शोधा. तेही आपलेच आहेत ना?"

सोलांज म्हणाली, "नाही."

तो म्हणाला, "फेब्रुवारीत तुझं ऑपरेशन आहे, बरोबर?" एवढंच. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. वर हसला. इतका ओंगळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी पुढं कितीतरी महिने म्हणत होते. ते म्हणायला सोपं होतं.

सोलांज उठली, तीनदा हात धुतले, हवेत वाळवले आणि लॅबचा कोट खुंटीला अडकवून घरी गेली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन सह्या लागतात. आपण दोघींनी नाही म्हटलं तर त्याला मशीन थांबवावं लागेल." खरं होतं ते. तिला काढून टाकून त्याचं भागणार नव्हतं. माझी सही असेल तरच भागणार होतं. दुसरी सही ग्लेन स्वतः करू शकत होता.

घरी सुहास म्हणाला, "वैशू, सेव्हन आऊट ऑफ थर्टी म्हणजे काही फार नाही. आणि साइन मॅनेजर करतोय ना? रिस्पॉन्सिबिलिटी त्याची." त्याच्या तोंडून ते ऐकायला मला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी मी खोकं ओतलं आणि चांगले तीस तुकडे निवडले. तांदूळ निवडावेत तसे. प्रत्येकावर वरच्या बाजूला निळ्या खडूनं खूण केली, कारण तिच्या खुणेशिवाय तुकडा मोजलेला धरत नसत आणि तिचा खडू कोटाच्या खिशात तसाच होता. मग आकडे लिहिले आणि सही केली.

सोलांज दहाला आली. टेबलावर तीस तुकडे मांडलेले, सगळ्यांवर खुणा. तिनं एक उचलला, खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती, ओरडली असती, मराठीत असतात तशा फ्रेंचमध्ये शिव्या असतीलच, त्या दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या चेहऱ्यावर तिचं चीज पाहून जे यायचं, ते होतं. नाकपुड्या किंचित आवळलेल्या. तिनं तो तुकडा खाली ठेवला आणि बोटं कोटाला पुसली.

आठवड्याभरात तिला काढलं. 'रिस्ट्रक्चरिंग,' ग्लेन म्हणाला. तिनं फ्रिजमधलं चीज नेलं, नारळ ठेवला. मी फ्रिज सोड्यानं पुसून काढला आणि खरं सांगते, दार उघडल्यावर काहीच वास आला नाही तेव्हा मला बरं वाटलं. एवढी मी हलकट. सीटचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. ग्रीन कार्ड मार्चमध्ये आलं. शिरोडकरांनी केक आणला.

त्यानंतर सोलांजला एकदाच पाहिलं. २००८ चा मे महिना, ईशाच्या शाळेचं मैदान. ईशा आता तेरा वर्षांची, उंच उडीच्या संघात. मी कुंपणापाशी डबा घेऊन उभी होते आणि समोर खांबांजवळ पंचाच्या पांढऱ्या टोपीत ती. हातात काठी. शाळांच्या स्पर्धांना ती हौसेनं पंच म्हणून यायची, हे मला माहीत नव्हतं. डावा पाय ओढत होती. लांबून भिंतीच्या कडेनं येणं, वळण घेणं, शेवटची चार पावलं पटापट, यातलं काही उरलं नव्हतं. ती दांडीकडे सरळ चालत गेली.

उंची वाढवली होती, पुन्हा मोजायचं होतं. तिला खाली वाकता येईना. टेपचं खालचं टोक जमिनीला टेकवून धरायला कुणीतरी हवं होतं. तिनं कुंपणाकडे वळून हाक दिली, "कुणी पालक येता का?"

मी डबा खाली ठेवला आणि गेले. विचार करून गेले नाही, पाय आपोआप निघाले. तिच्यासमोर उकिडवी बसले आणि हात पुढं केला. ईशा रांगेत उभी राहून बघत होती. सोलांजनं मला ओळखलं.

"तू नको," ती म्हणाली. हळू आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

मग तिनं माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. कुंपणाशी एक जाडजूड बाप हॉट डॉग खात उभा होता. त्याला तिनं बोलावलं. तो उरलेला घास तोंडात कोंबत आला. त्याच्या बोटांना मोहरीची पिवळी चटणी माखली होती, ती तो चाटत होता. सोलांजनं त्याची बोटं नीट पाहिली आणि टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.